यंत्र यायच्या आधी

सुरतेजवळ पलसाण्याला देशाचे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून अहमदाबादमार्गे दिल्लीकडे जाणारा ४८ क्रमांकाचा महामार्ग. दुसरा ५३ क्रमांकाचा. हजिऱ्याच्या बंदरापासून निघून तो बारडोली, व्यारा, नवापूर, धुळे, जळगाव, नागपूर करत थेट ओडिशातल्या पारादीपपर्यंत जातो. खानदेश सुरतेला आला तो याच पूर्वेच्या वाटेने, आणि तिच्या साथीने धावणाऱ्या भुसावळ-सुरत रेल्वेने. आज उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी सहज कानावर पडते, आणि सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही चालतात. मागावर, रंगाईत, बॉयलरवर, रिपेअरिंगच्या टेबलावर धुळे-नंदुरबार-जळगावकडची माणसं दोन-दोन पिढ्या राबत आली आहेत.

पलसाणा तालुक्यातली कडोदरा, जोळवा, तांतीथैया ही गावं आता नावापुरती गावं उरली आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मागांचे शेड आहेत आणि रंगाई-छपाईच्या मिलांची धुराडी आहेत. सुरतेचं कापड म्हणजे मुख्यतः पॉलिएस्टर. मागावरून उतरलेलं कोरं कापड, म्हणजे ग्रे, मिलमध्ये येतं आणि रंगून बाहेर पडतं. पॉलिएस्टरचा धागा मोठा हट्टी. साध्या उकळत्या पाण्यात तो रंग पुरेसा आत घेत नाही. त्यासाठी पाणी १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि १३० अंशांना पाणी पाणीच राहावं म्हणून सगळं बंद भांड्यात, दाबाखाली करावं लागतं. हे काम करणाऱ्या यंत्राला मिलमध्ये नुसतं ‘जेट’ म्हणतात. पोलादी पिंपात कापडाची दोरी फिरत राहते आणि रंगाचं गरम पाणी तिच्यावर जोराने सोडलं जातं. मिनिटाला एक-दोन अंशांनी तापमान चढवायचं, १३० ला अर्धा-पाऊण तास धरून ठेवायचं, मग सावकाश खाली आणायचं, ८० च्या आसपास आल्यावर पाणी सोडायचं आणि दाब पूर्ण गेल्यावरच झाकण उघडायचं. एका लॉटला तीन-चार तास सहज जातात.

एके काळी हे सगळं रंगाई मास्टरच्या डोळ्यावर आणि कारीगराच्या हातावर चालायचं. आता जेटच्या बाजूला एक खोका असतो. त्यात एक छोटा प्रोसेसर, थोडी मेमरी आणि वाफेचा वॉल्व्ह, पंप, झाकणाचा खटका यांना जाणाऱ्या तारा असतात. खोक्यातल्या प्रोग्रामला एम्बेडेड सॉफ्टवेअर म्हणतात, कारण तो यंत्राच्या पोटात कायमचा बसवलेला असतो. संगणकावरचा प्रोग्राम चुकला तर पडदा गोठतो. इथला चुकला तर लॉट जातो, किंवा माणूस भाजतो.

मला या विषयाकडे खेचलं ते एका साध्या आकडेमोडीने, म्हणून ती इथे मांडतो. जेटमधलं तापमान मोजायला बहुधा प्लॅटिनमची एक बारीक तार वापरतात, तिला पीटी-१०० म्हणतात. शून्य अंशाला तिचा रोध १०० ओहम असतो आणि तापमानाबरोबर तो वाढत जातो. १३० अंशांना तो जवळजवळ १५० ओहम होतो. बोर्ड हा रोध मोजतो आणि प्रोग्राम त्याचे अंश करतो. आता समजा, रंगाईखात्याच्या वाफेत या तारेच्या जोडणीच्या डबीत दमट बुरा साचला आणि दोन टोकांमधून थोडी वीज झिरपू लागली. झिरपण्याच्या त्या वाटेचा रोध १००० ओहम धरू. १५० आणि १००० समांतर जोडले की बोर्डाला दिसतात सुमारे १३० ओहम. १३० ओहम म्हणजे किती अंश? ७८ किंवा ७९.

यंत्रात १३० अंशांचं पाणी दाबाखाली उसळत आहे आणि खोक्याच्या पडद्यावर ७८ दिसताहेत. भाबडा प्रोग्राम दोन गोष्टी करेल. गरम करण्याच्या टप्प्यात असेल तर ‘अजून पन्नास अंश कमी आहेत’ असं समजून वाफेचा वॉल्व्ह पूर्ण उघडेल. आणि थंड करण्याच्या टप्प्यात असेल तर ‘८० च्या खाली आलो’ असं समजून पाणी सोडायची आणि झाकणाची परवानगी देईल. चांगल्या यंत्रात दाबावर चालणारा वेगळा यांत्रिक अडसर असतो, सेफ्टी वॉल्व्ह असतो, आणि ते असलेच पाहिजेत. पण प्रोग्रामलाही हे कळायला हवं की शेकडो लिटर पाणी एका सेकंदात पन्नास अंशांनी थंड होऊ शकत नाही. तो आकडा खोटा आहे, हे ओळखून वाफ बंद करायची, झाकण धरून ठेवायचं आणि भोंगा वाजवायचा. ही समज काही ओळींची आहे. प्रश्न असा की, त्या ओळी बरोबर चालतात याची परीक्षा कुठे घ्यायची?

खऱ्या जेटवर घेता येत नाही. चालू मिलमध्ये १३० अंशांच्या यंत्राची सेन्सरची तार मुद्दाम खराब करायला कोणी धजावणार नाही, आणि धजावूही नये. शिवाय मिल चोवीस तास चालते. जेट रिकामं उभं राहिलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. आणि कित्येकदा यंत्रच अजून तयार नसतं. पिंप वेल्डिंगला असतं, बोर्ड आलेला नसतो, आणि प्रोग्राम लिहिणारे हात बांधून बसलेले असतात. मग यंत्र आल्यावर शेवटच्या आठवड्यात सगळं एकदम जोडायचं आणि मिलच्या जमिनीवर उकिडवं बसून लॅपटॉपवर चुका शोधायच्या, अशी पद्धत पडते. ज्यांनी हे काम केलंय त्यांना त्या रात्री ठाऊक आहेत.

याला उपाय आहे आभासी बोर्ड. म्हणजे खऱ्या बोर्डाचं सॉफ्टवेअरमध्ये केलेलं असं रूप, ज्यावर खऱ्या बोर्डासाठी लिहिलेला प्रोग्राम एक अक्षरही न बदलता चालतो.

हे शक्य का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रोसेसरला बाहेरचं जग दिसत नाही. त्याला फक्त पत्ते माहीत असतात. अमुक पत्त्यावर १ लिहिला की वाफेचा वॉल्व्ह उघडतो. तमुक पत्ता वाचला की तापमानाचा आकडा मिळतो. त्या पत्त्याच्या पलीकडे खरा वॉल्व्ह आहे की आणखी एक प्रोग्राम, हे कळण्याचा मार्ग त्याला नाही. तेव्हा लॅपटॉपवर एक प्रोग्राम असा लिहायचा की तो त्या प्रोसेसरच्या सूचना एकेक करून पाळेल. आणि त्या प्रत्येक पत्त्यामागे त्या त्या भागाचं वागणं बसवायचं: टायमर कसा मोजतो, सेन्सरचा आकडा यायला किती वेळ लागतो, मेमरी भरली की काय होतं. त्याच्याही पुढे जाऊन जेटचं गणित लिहायचं: वॉल्व्ह इतका उघडला तर इतक्या पाण्याचं तापमान मिनिटाला इतकं चढेल. एवढं जमलं की टेबलावर एक न दिसणारं जेट उभं राहतं. त्याची पीटी-१०० ची तार तोडा, तिच्यात पाणी घाला, पंप मध्येच बंद करा, वीज घालवा. कोणाला चटका बसत नाही आणि एक मीटर कापडही वाया जात नाही.

यात वेळही आपल्या हातात येतो. आभासी बोर्डाचं घड्याळ लॅपटॉपच्या घड्याळाशी बांधलेलं नसतं. प्रोसेसर नुसता वाट पाहत असेल तेव्हा तो काळ झटक्यात ओलांडता येतो, त्यामुळे चार तासांचा लॉट अगदी थोड्या वेळात पार पडतो. रात्री घरी जाताना शेकडो लॉट वेगवेगळ्या बिघाडांसह लावून ठेवता येतात. आणि सकाळी एखादा फसलेला दिसला तर तोच बिघाड, त्याच क्षणी, तसाच्या तसा पुन्हा घडवता येतो. खऱ्या यंत्रावर ‘काल झालं होतं, आज होत नाही’ या एका वाक्याने किती दिवस खाल्ले आहेत, ते रिपेअरिंगवाल्यांना विचारावं.

कोणी म्हणेल, बोर्ड तर आता चार-पाचशे रुपयांत मिळतो, मग त्याचं सोंग कशाला? बोर्ड स्वस्त झाला हे खरंच. पण त्याच्या पलीकडचं जेट, बॉयलरची वाफ, ग्रेचा लॉट आणि कारीगराचे हात यांतलं काहीच स्वस्त नाही. जगातल्या मोठ्या कंपन्या आभासी बोर्डाकडे वळल्या त्या चिप तयार व्हायला महिने लागतात आणि सॉफ्टवेअर तेवढं थांबू शकत नाही म्हणून. पलसाण्याचं कारण वेगळं आहे. इथे बोर्ड मिळतो, पण यंत्राशी खेळायला मिळत नाही.

कल्पना जुनी आहे. १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर नावाचा छोटा संगणक झळकला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्याच्यासाठी बेसिक ही भाषा बनवून द्यायचं ठरवलं. त्यांच्याकडे आल्टेअर नव्हता आणि त्यातली इंटेल ८०८० ही चिपही नव्हती. ॲलनने चिपच्या माहितीपुस्तिकेवरून हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर ८०८० चं आभासी रूप लिहिलं, आणि त्यावर गेट्स व माँटी डेव्हिडॉफ यांच्यासह सगळी भाषा रचली. मग ॲलन कागदी फीत घेऊन विमानाने आल्टेअर बनवणाऱ्या कंपनीकडे अल्बुकर्कीला गेला. खऱ्या आल्टेअरवर तो प्रोग्राम चढला आणि दोन अधिक दोन चार असं उत्तर आलं. मायक्रोसॉफ्टची सुरुवात अशी न पाहिलेल्या यंत्रावर झाली.

पुढची उदाहरणं तुमच्या-माझ्या खिशातली आहेत. अँड्रॉइडवर ॲप लिहिण्याची साधनं नोव्हेंबर २००७ मध्ये बाहेर आली. अँड्रॉइडचा पहिला फोन विक्रीला आला ऑक्टोबर २००८ मध्ये. मधलं जवळजवळ वर्षभर जगभरचे लोक आभासी फोनवर ॲप लिहीत होते. त्या आभासी फोनच्या तळाशी होता क्यूएमू, फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये मोफत दिलेला प्रोग्राम. आर्म कंपनीने प्रोसेसरची ६४ बिटी रचना २०११ मध्ये जाहीर केली. लिनक्समध्ये तिची सोय डिसेंबर २०१२ मध्ये आली. आणि तशी चिप असलेला पहिला फोन, आयफोन ५एस, सप्टेंबर २०१३ मध्ये आला. लिनक्सचं ते मूळ काम आर्मच्या आभासी प्रोसेसरवर झालं होतं.

आपल्याकडे या कामाचं एक उदाहरण पवईत सापडतं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने ‘अजित’ हा प्रोसेसर घडवला. त्याची चिप चंदीगडजवळ मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर बनली आणि २०१९ मध्ये त्याची बातमी सगळीकडे झाली. बातम्यांत चिपचं कौतुक झालं ते योग्यच. मला मात्र त्याच्या सोबतच्या साधनांमध्ये जास्त रस आहे. त्यांत सी भाषेत लिहिलेलं संपूर्ण ‘अजित’चं एक रूप आहे. चिप हातात नसतानाही त्यावर प्रोग्राम चालवता येतो, मध्येच थांबवून आत डोकावता येतं. चिप एकदा कारखान्यात गेली की तिच्यात खाडाखोड नाही, म्हणून ज्याला चिप बनवायची आहे त्याला तिचं आभासी रूप आधी लिहावंच लागतं.

त्याच आवारात फॉसी हा प्रकल्प आहे. खुल्या सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करणं हे त्याचं काम. त्यांनी ‘ईसिम’ नावाचं साधन तयार केलं आहे, ज्यात विजेचं सर्किट काढून ते बनवण्याआधी तपासता येतं. आर्डुइनो या शिकाऊ बोर्डाचं त्यांनी केलेलं, ब्राउझरमध्ये चालणारं रूपही आहे. स्पोकन ट्यूटोरियल या आयआयटी मुंबईच्याच प्रकल्पाने संगणकाचे अनेक धडे मराठीसह भारतीय भाषांत आणले. पलसाण्याच्या दृष्टीने हे चिपइतकंच मोलाचं आहे. पोलंडच्या अँटमायक्रो कंपनीचा ‘रिनोड’ हा खुला प्रोग्राम तर नेमका याच कामासाठी आहे: कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे छोटे प्रोसेसर, त्यांचे टायमर, त्यांच्या तारा, सगळं लॅपटॉपवर उभं करण्यासाठी. त्याला पैसे पडत नाहीत.

पुण्याच्या वाहन उद्योगात आभासी चाचणी आता रोजची झाली आहे. १ एप्रिल २०२० पासून भारताने गाड्यांच्या धुरासाठीच्या बीएस-४ नियमांवरून मधली पायरी गाळून थेट बीएस-६ वर उडी घेतली, तेव्हा इंजिनाचं नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम कितीतरी वाढलं. गाडी रस्त्यावर येण्याआधी ते सॉफ्टवेअर आभासी इंजिनाला जोडून तपासणं हा त्या कामाचा भागच आहे. कापडाच्या धंद्यात ही सवय अजून उतरलेली नाही, आणि माझ्या मते ती उतरायला उशीर झाला आहे.

मागाकडे पाहिलं की गरज आणखी टोकदार दिसते. वॉटरजेट माग मिनिटाला ६०० धागे सहज टाकतो. म्हणजे एका धाग्याला १०० मिलिसेकंद. तेवढ्यात पाण्याच्या फवाऱ्याने आडवा धागा पलीकडे न्यायचा, तो पोहोचला की नाही हे पाहायचं आणि नाही पोहोचला तर माग थांबवायचा. पोहोचल्याची खूणही सुरेख आहे: ओल्या धाग्यातून दोन टोकांमध्ये किंचित वीज वाहते, ती सापडली की धागा आला. मागाची फेरी ३६० अंशांत मोजली तर एक अंश म्हणजे पाव मिलिसेकंदाहून जरासं जास्त. प्रोग्राम दोन मिलिसेकंद उशिरा जागा झाला तर सात अंश निसटले, आणि कापडात फट पडली. अशा उशिराचं कारण चालत्या मागावर सापडणं कर्मकठीण. आभासी मागावर घड्याळ पाहिजे तिथे थांबवता येतं आणि त्या सात अंशांत प्रोसेसर नेमका कुठे अडकला होता ते ओळीओळीने पाहता येतं. मात्र त्यासाठी आभासी प्रोसेसर वेळेच्या बाबतीत काटेकोर हवा. क्यूएमूसारखी साधनं सूचना बरोबर पाळतात, पण खऱ्या चिपला प्रत्येक सूचनेला किती वेळ लागतो याचा हिशेब ठेवत नाहीत. वेळेचं बारीक गणित शेवटी खऱ्या बोर्डावर ताडून पाहावंच लागतं.

आभासी रूपाला त्यात घातलं तेवढंच कळतं, ही त्याची मर्यादा, आणि ती लपवणं धोक्याचं आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात, चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. त्याच्या दिशादर्शक उपकरणातलं सॉफ्टवेअर जुन्या एरियन ४ वरून घेतलेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता; तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि उपकरण बंद पडलं. चौकशी समितीने नोंदवलं की नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे देऊन त्या उपकरणाची जमिनीवर परीक्षा घेतलीच गेली नव्हती. अपघातानंतर ते आकडे देऊन पाहिले, तेव्हा घटनांची तीच साखळी जमिनीवर हुबेहूब घडली. ती परीक्षा आधी घेता आली असती.

छोट्या खात्यात धोका आणखी एका बाजूने येतो. प्रोग्राम लिहिणारा आणि आभासी यंत्र लिहिणारा एकच माणूस असेल, तर माहितीपुस्तिकेचा त्याने लावलेला चुकीचा अर्थ दोन्हीकडे उतरतो आणि दोघांचं छान जमतं. म्हणून ही दोन कामं दोन माणसांनी करावीत. आणि यंत्राचं रूप लिहिताना रंगाई मास्टरला शेजारी बसवावं. जोडणीच्या डबीत बुरा साचतो, वॉल्व्हला क्षार धरतो आणि तो पूर्ण बंद होत नाही, बाजूच्या मोठ्या मोटारी सुरू झाल्या की आकडे थरथरतात, उन्हाळ्यात खोक्याच्या आतला पंखा बंद पडतो: हे कुठल्याही पुस्तिकेत नसतं. वीस वर्षं त्या वाफेत उभ्या राहिलेल्या माणसाला ते तोंडपाठ असतं. त्याच्या डोक्यातली बिघाडांची यादी हाच या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मौल्यवान कागद आहे, आणि तो सहसा कोणी लिहून घेत नाही.

सेन्सरच्या खरेपणाची किंमत सुरतेला ठाऊक आहे. २०१९ मध्ये इथल्या कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी उपकरणं बसवून धुरातल्या कणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला, कणांसाठीचा जगातला पहिला. त्यातल्या बहुतेक मिला कापडाच्या. म्हणजे उपकरणाने सांगितलेल्या आकड्यावर रुपयांचा व्यवहार ठरतो, ही गोष्ट इथे नवी नाही.

सुरतेत चालणाऱ्या वॉटरजेट मागांत आणि भरतकामाच्या यंत्रांत चीनहून आलेल्या यंत्रांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्यासोबत बोर्ड येतो, आणि बोर्डावरचा प्रोग्राम कुलूपबंद येतो. तो बिघडला तर रिपेअरिंगच्या दुकानात नेतात. तिथली मुलं भिंगाखाली जळालेला भाग हुडकून बदलतात आणि बोर्ड जिवंत करतात. त्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बोर्ड कुठे मरतो हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. पण प्रोग्राम त्यांच्यापासून दूर राहतो, आणि यंत्राच्या किमतीतला, मानातला आणि पुढच्या पगारातला मोठा हिस्सा त्या प्रोग्राममध्ये असतो. लिंबायतच्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या मुलाला जेट किंवा माग घरी नेता येत नाही. आभासी जेट नेता येतं. जुना लॅपटॉप, रिनोड किंवा क्यूएमू, मोफत कंपायलर, आणि बाप ज्या यंत्रावर उभा राहतो त्याची माहिती. यातली शेवटची गोष्ट बंगळूरच्या इंजिनिअरकडे नसते.

शहरात सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, मानवनिर्मित धाग्यांवर संशोधन करणारी ‘मंत्रा’ ही संस्था आहे. इचलकरंजीत वस्त्रोद्योग आणि इंजिनिअरिंग एकाच छताखाली शिकवणारी डीकेटीई आहे. जेटचं एक खुलं आभासी रूप, तापमानाचं गणित आणि मास्टरांनी सांगितलेली बिघाडांची यादी यांसह, या तिघींपैकी कोणीही एका वर्षाच्या विद्यार्थी-प्रकल्पात उभं करू शकतं. ते खुलं ठेवलं तर भिवंडीपासून पलसाण्यापर्यंत कोणालाही त्यावर आपला प्रोग्राम घासूनपुसून घेता येईल.

खऱ्या यंत्राची वेळ कधी, याचंही उत्तर इथल्या पंचांगात आहे. दिवाळीत सुरतेचा कापडबाजार बंद होतो, कारीगर गावी जातात, बरेच माग आणि जेट काही दिवस थंड पडतात आणि लाभपंचमीनंतर हळूहळू पुन्हा तापू लागतात. वर्षातले हेच मोजके दिवस असे की प्रोग्राम बदलायला जेट रिकामं मिळतं. त्या दिवसांत पहिली चूक शोधायला बसलं तर सुट्टी संपते आणि काम अर्धं राहतं. वर्षभर आभासी जेटवर तार तुटली, वीज गेली, आकडा खोटा आला हे सगळं करून झालेला प्रोग्राम घेऊन गेलं, तर ते दिवस फक्त खऱ्या यंत्रावरच कळणाऱ्या गोष्टींना देता येतात: साध्या पाण्यावर एक चक्कर चालवून तापमानाची चढण आभासी चढणीशी ताडायची, वॉल्व्हला उघडायला लागणारा खरा वेळ मोजायचा, झाकणाचा खटका प्रत्यक्ष दाबावर पाहायचा, आणि ते आकडे घरी नेऊन आभासी जेट दुरुस्त करायचं.